मागच्या सीटवरची चादर

जुनी हायब्रीड गाडी विकताना मी लबाडी केली. चढावर तिच्या बॅटरीचा लाल दिवा लागायचा. गॅरेजमध्ये बिघाडाची नोंद पुसून तो दिवा बंद करून घेतला आणि गप्प राहिलो.

गाडी घेणारा आमच्याच वाडीतला, देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना नेणारा. आत बसण्याआधी चपला झटकणार. वळणावर हॉर्नऐवजी "येतंय हां" असं स्वतःशीच म्हणणार. पाहुणे समुद्रातून भिजून येतात म्हणून मागच्या सीटवर त्याने चादर घातली होती.

परवा त्याच्यासोबत वैभववाडीवरून घाट चढत होतो. मध्येच तो दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. मागे ट्रक, बाजूला दरी. कशीबशी त्याने गाडी कडेला घेतली आणि मागचं दार उघडलं. बॅटरीला गार हवा देणारी जाळी चादरीखाली झाकली गेली होती.

"भाऊनू, तुमी दिलेली गाडी मीच मारलंय. चादरीन वारो आडवलो. माफ करा हां."

त्याने चादर ओढून काढली आणि तिची घडी घालू लागला. मी नुसता गप्प बसलो असतो तरी सुटलो असतो.

"चादर नाय रे," मी म्हणालो. "हो दिवो माझ्याकडे आसतानाच लागायचो. मी तो पुसून तुका गाडी इकलंय. माका माफ कर."