पश्चिमेची खिडकी

मी आयुष्यात एकच रिसॉर्ट बांधला आणि तोही कागदावर. त्याच्या समोरचा समुद्र मी बघितलेला नाही. खरं तर कुठलाच बघितलेला नाही. आमच्या चिटगुप्प्यात तलाव भरला तरी लोक भाकरी बांधून घेऊन बघायला जातात, त्यावरून काय ते समजा.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, शाळामास्तर होऊन अंदमानात गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. दोन-तीन वर्षांनी महिनाभर यायचा. निघताना आईला दर खेपेला सांगायचा, "नोकरी संपू दे, आलोच बघ." आईनं ते इतकं खरं धरलं होतं की घराच्या पूर्वेची मोकळी जागा त्याच्या घरासाठी राखून ठेवली होती. तिथं गोवऱ्या थापायच्या नाहीत, जनावर बांधायचं नाही. शेजारची मावशी वर्षातून एकदा तरी विचारायची, "अक्का, रिकामीच हाय तर माझी म्हैस बांधू का?"

"माझ्या लेकाच्या दिवाणखान्यात म्हैस बांधतीस व्हय?" आई म्हणायची. दिवाणखान्यात तेव्हा एक बाभळ होती.

अण्णा पन्नाशीला आला, मी पस्तिशीला, तेव्हा त्याचं पत्र आलं. सासऱ्यांनी एका लहान बेटावरची नारळाची बाग त्याच्या नावावर केली होती. तिथं तो पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधणार होता आणि सातवी स्वतःसाठी. 'याला रिसॉर्ट म्हणतात. नकाशा तू काढायचा. परक्याच्या हातचं घर मला नको.' सोबत पेन्सिलीनं काढलेला जागेचा कच्चा आराखडा, त्यावर उत्तरेचा बाण, आणि लिहिलेलं: पूर्वेला बाग, पश्चिमेला समुद्र.

मी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो. तोवर माझ्या हातून शाळेच्या खोल्या, जनावरांचे दवाखाने आणि एक पाण्याची टाकी उतरली होती. टाकी बरी झाली होती, असं लोक म्हणतात. ऑफिसातल्या साहेबांना मी रिसॉर्ट म्हणजे काय ते विचारलं. त्यांनी पान जिभेखाली सारून विचार केला. "लोक पैसे भरून जातात आणि काही न करता बसून राहतात," ते म्हणाले. मग आमच्या ऑफिसभर नजर फिरवून म्हणाले, "इथं उलटं आहे."

पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई ज्वारी निवडत होती. सूप थांबलं.

"सातवी खोली कुणाला म्हनला?"

"त्याला आणि वहिनीला."

"मंग हितल्या जागंचं काय?"

मी पत्राची घडी घातली. तिनं पुन्हा सूप हलवायला घेतलं, पण ज्वारीबरोबर खडेही तसेच डब्यात जात होते, हे मला दिसत होतं.

आता एक कबुली देतो. त्या नकाशाला मी पाच महिने लावले. आठवड्याचं काम होतं. अण्णाला कळवायचो, काम फार आहे, शाई मिळत नाही, डोळे आलेत. डोळे खरंच आले होते, पण पाच महिने नाही. मनात एकच हिशेब होता: कागद माझ्या टेबलावर आहे तोवर खोली बांधली जात नाही, आणि खोली बांधली जात नाही तोवर अण्णा परत यायचा आहे. समुद्रापलीकडचं घर मी एका ड्रॉवरमध्ये अडवून धरलं होतं.

शेवटी आईच म्हणाली, "कामून रं, काढून टाक की त्याचा नकाशा. तुज्या न काढण्यानं कोन परत यायलंय?"

मग काढायला बसलो आणि आई शेजारी येऊन बसली. त्या दिवसापासून रिसॉर्टला दोन इंजिनिअर झाले, एक न शिकलेला आणि एक कच्चा शिकलेला.

"दारं पूर्वेला घे सगळी."

घेतली.

"मावळतीला खिडकी ठिवू नको. दुपारचं ऊन शिरतंय, घर भट्टी व्हतंय."

ते तर मलाही पटलं. आमच्याकडं उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत दुपारी हात लावू देत नाही, तिकडं खिडकी ठेवणारा माणूस वेडा तरी असतो नाहीतर परगावचा. मी सातही खोल्यांच्या पश्चिमेला दीड हात जाडीची सलग भिंत ओढली. खाली शहाबादी फरशी, वर मातीचं माळवद, मधे अंगण, अंगणाला कट्टा.

"ज्वारी कुठं ठिवनार त्यो?"

"तिकडं भात खातात, आई."

"म्हनून काय ज्वारी ठिवायची न्हाई?"

मग अंगणाच्या कोपऱ्यात धान्य साठवायला जमिनीखाली पेव दाखवलं, आठ हात खोल. नकाशा इतका देखणा झाला की मी तो पाठवायच्या आधी साहेबांना दाखवला. तेही आमच्याच भागातले. "भक्कम आहे," म्हणाले. पश्चिमेला काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, मला आठवलं नाही. बाणाशेजारचं 'पश्चिमेला' मी वाचलं होतं, पुढचा 'समुद्र' वाचलाच नव्हता.

महिन्यानं उत्तर आलं. मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवू लागलो.

'तुझा नकाशा तुझ्या वहिनीनं आधी उलटा धरला, मग सुलटा. दोन्हीकडून समुद्र काही दिसला नाही. अरे, माणसं एवढ्या लांब बोटीनं ओकत ओकत समुद्र बघायला येणार, त्यांना मी दीड हात भिंत दाखवू? शहाबादी फरशी बोटीत घातली तर पाहुण्यांना पोहत यावं लागेल. मातीचं माळवद इथल्या पावसात पहिल्याच आठवड्यात खाटेवर येईल. आणि पेव! इथं दोन हात खणलं की पाणी लागतं. त्यात ज्वारी नाही, मासे साठतील. ही कल्पना कुणाची ते मी ओळखलं. तिला सांग, मी फार दिवसांनी एवढा हसलो.'

आईही हसली. पदर तोंडाला लावून हसली. मी पान उलटलं. मागं चारच ओळी होत्या.

'इथं पाचलाच ऊन उतरतं. शाळा सुटली की मी बागेत जातो आणि पश्चिमेकडं तोंड करून बसतो. समोर पाणी, पाण्यापलीकडं मद्रास, मद्रासच्या पलीकडं तुम्ही. पाहुण्यांचं काय ते बघू, पण माझ्या खोलीला तेवढी त्या बाजूला खिडकी दे. तू तिकडंच भिंत घातलीस.'

वाचून झालं. आईनं पदर तोंडावरून काढला नाही, पण हसणं थांबलं होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, लिही त्याला, निघून ये म्हणावं. मी पेनही उघडलं होतं.

"मोठी काढ," ती म्हणाली. "खिडकी. चांगली हातभर उंचीवरून घे, बसल्या बसल्या दिसावं त्याला."

ट्रेसिंगच्या कागदावरची शाई रबरानं जात नाही, ब्लेडच्या पात्यानं हळूहळू खरवडावी लागते. जोर झाला की कागद फाटतो. सात खोल्यांच्या सात भिंती मी तशा खरवडल्या. सातव्या खोलीची शेवटी. ती भिंत आम्ही दोघांनी मिळून घातली होती. काळी भुकटी कागदावरून फुंकताना मला कळत होतं की अण्णा आता येत नाही. तरी खिडकी अर्धा फूट जास्तच मोठी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात उभी राहून शेजारच्या मावशीला हाक मारत होती. "अगं, आन की तुजी म्हैस. रिकामी जागा काय कामाची."

रिसॉर्ट दोन वर्षांत उभा राहिला. फोटो आले. सहा खोल्या, नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, आणि बाजूला सातवी, तिची खिडकी इतरांपेक्षा ठळक मोठी. पुढं अण्णा दोनदा आला, पंधरा-पंधरा दिवस. खायचा, झोपायचा, कट्ट्यावर बसून राहायचा. आई म्हणायची, "ह्यानं आमच्याच घराचा रिसॉर्ट केला की." मलाही बोलवायचा, "सात नंबरची खोली तुझी, ये." पण कधी पोरांच्या परीक्षा, कधी रजा नाही, आणि एकदा तर तिकीट काढूनही मला बोटीच्या नुसत्या विचारानं ताप आला. आई गेली. अण्णाही गेला, तिकडंच.

त्यानंतर मी एक वेडेपणा केला. घराच्या पूर्वेच्या भिंतीला खिडकी पाडली. बायको म्हणाली, तिथं काय दिसणार आहे? मी देशाच्या नकाशावर पट्टी धरून बघितलं होतं. बेट नेमकं पूर्वेला नाही, जरा दक्षिणेला कलतं. म्हणून खिडकी कोपऱ्याकडं सरकवून घेतली. गवंडी म्हणाला, "साहेब, मधे घ्या की, दिसायला बरी दिसल." मी ऐकलं नाही.

संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसतो. समोर बाभळीखाली मावशीच्या म्हशीची नात, का पणती, रवंथ करत असते. ती बसलेली असली की तिच्या पाठीवरून पलीकडचं थोडं आभाळ दिसतं. उभी राहिली की नाही दिसत. मग ती बसेपर्यंत मी थांबतो.