पहिला डाव पावण्याचा

सर्जेराव मान्यांच्या दुकानात शिरताना दोन गोष्टी बाहेर ठेवाव्या लागत. ‘चपला भाईर, लाज बी भाईर,’ असं ते आतूनच ओरडत. माणूस ओळखीचा असो वा नसो, जिल्हा कचेरीतला साहेब असो वा दूधवाली, आरोळी तीच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुरुस्तीला पाठवलेला टीव्ही परत न्यायला गेले होते. बाहेर पाटी ‘माने टीव्ही रिपेअर्स’ अशी होती आणि आत एक पोक्त गृहस्थ टीव्हीपुढे उभे राहून हवेतच चेंडू फेकल्यासारखा हात फिरवत होते. मला वाटलं, हे टीव्ही दुरुस्त करता करता स्वतःच बिघडलेले दिसतात.

टीव्ही तयार व्हायला अर्धा तास होता. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात एक पांढरा रिमोट दिला, त्याची दोरी मनगटात अडकवली आणि म्हणाले, ‘टाका.’ पडद्यावर बोलिंगचा खेळ होता. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी बाई, राजारामपुरीतल्या त्या गल्लीतून माझ्या निम्म्या विद्यार्थिनी क्लासला जायच्या. पदर खोचून मी हात फिरवला आणि पडद्यावरच्या दहाच्या दहा बाटल्या आडव्या झाल्या. तो डाव मी जिंकले. सर्जेराव आपला खांदा चोळत म्हणाले, ‘हात हाय तुमाला, बाई.’ घरी जाताना टीव्ही रिक्षात होता आणि मी हवेत.

दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी मला सपाटून हरवलं. मग कळलं की दुकानाचा तो रिवाजच होता. ‘पयला डाव पावण्याचा,’ असं ते म्हणत. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या डावात जिंकू द्यायचं, पण त्याला संशय येता कामा नये. हरण्यात सर्जेरावांइतका तरबेज माणूस मी पाहिलेला नाही. चेंडू सोडताना एक पाऊल जास्त टाकायचं, नेम चुकला की खांद्याला दोष द्यायचा, शेवटच्या फेकीला कपाळावर हात मारायचा. जिंकलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा येणारच.

तसे खूपजण आले. रविवारी सकाळी दहा ते एक दुकानात दुरुस्ती बंद आणि खेळ चालू. उचगावहून दूध घालायला येणाऱ्या हौसाक्का रिकाम्या किटल्या पायरीवर ठेवून आत येत आणि नऊवारीचा काष्टा आवळून असा काही चेंडू टाकत की आम्ही भिंतीला चिकटून उभे राहायचो. कोर्टातून निवृत्त झालेले घोरपडे नावाचे बेलिफ होते. जन्मभर लोकांच्या दारात नको तेव्हा उभं राहायचं काम केल्याने त्यांना बघून कुणी हसत नसे आणि तेही हसत नसत. त्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं ते त्या दुकानात, हौसाक्कांनी त्यांना टेनिसमध्ये हरवलं तेव्हा. सर्जेरावांच्या पत्नी, सुमनवहिनी, आतून चहा पाठवत आणि कोण जिंकलं ते विचारत.

तालीम केल्यासारखे दिवसदिवस खेळणारे तरुणही कधीकधी येत, बंदुकांचे खेळ लावा म्हणत. सर्जेराव त्यांना दुसऱ्या गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरचा पत्ता देत. एकदा मी म्हटलं, अहो, गिऱ्हाईक का घालवता? तर म्हणाले, ‘ती पैलवान मंडळी हाईत, बाई. त्यास्नी तालीम लागती. मला बाजारला निघालेली माणसं पायजेत. वाटंत थांबली, हात मोकळा केला, हसली, गेली.’ या व्याख्येत आम्ही सगळे चपखल बसत होतो. आमच्यापैकी एकालाही खेळाडू म्हणावं असं काही नव्हतं.

बाजारला निघालेल्या माणसांचं एक असतं, त्यांना वाटेत दुसरं काही दिसलं की ती तिकडे वळतात. सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले. त्यात फुकटचे खेळ आले. घोरपडे फोनवर पत्ते खेळू लागले. मी रंगीत गोळ्या जुळवू लागले. भाजी शिजेपर्यंत, बस येईपर्यंत, पेपर तपासता तपासता. रविवारची माणसं दहाची सात झाली, सातची तीन. मीही कधी जाणं सोडलं ते सांगता येत नाही. भांडण झालं असतं तर तारीख तरी आठवली असती.

सर्जेराव रागावले नाहीत, पण त्यांना ते कळतही नव्हतं. रस्त्यात भेटले की म्हणत, ‘फोनात माणूस एकलाच जिंकतोय आनि एकलाच हरतोय. आपन हरल्यालं बघायला कोन तरी नको व्हय?’ मी हसून मान डोलवायची आणि घरी जाऊन गोळ्या जुळवायची.

मागच्या वर्षी एका दुपारी ते शाळेच्या फाटकाशी स्कूटर लावून उभे होते. नवीन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं ते यंत्र, बाजारात आला होता. जुना पार थकला होता, त्याचे रिमोट रबर लावून चालवायची वेळ आली होती. नव्याबद्दल ते इतकं बोलले की मला पुढचा तास चुकवावा लागला. चित्र किती स्वच्छ, रिमोट किती हलका, चारजण एकदम कसे खेळतील. मग आवाज एकदम उतरला. पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा अभिजित दुकान बंद करून पुण्याला या म्हणून मागे लागला होता. सर्जेरावांनी त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. रविवारची जुनी माणसं परत आली, निदान दहाजण जरी नेमाने यायला लागले, तर दुकान राहील. नाहीतर पुणं.

‘फ्लॅटमदी मी काय करू, बाई? लिफ्टमदल्या मानसाला सुदिक नाव इचारायची चोरी,’ ते म्हणाले.

मी त्यांना येईन म्हणून शब्द दिला. इतरांकडेही ते स्वतः गेले, फोनवर निरोप दिला नाही. घरोघरी जाऊन, लग्नाच्या आमंत्रणासारख्या हातावर अक्षता ठेवून बोलावणं केलं. एकजण बदली होऊन पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत होता, त्याच्यासाठी स्कूटरवरून पन्हाळ्याचा घाट चढून आले.

आणि माणसं आली, हे मुद्दाम सांगते. त्या रविवारी दुकानात तेवीसजण होते. आंब्याच्या पानांचं तोरण, टेबलावर पाट, पाटावर कन्सोलचं न फोडलेलं खोकं आणि त्याला झेंडूचा हार. कोरी वस्तू पूजेआधी चालवायची नाही, हा सर्जेरावांचा जुना दंडक. दुकानात आलेल्या नव्या कोऱ्या टीव्हीलासुद्धा हळदकुंकू लावल्याशिवाय त्यांनी कधी वीज दाखवली नव्हती. अभिजितने फोनवर बजावलं होतं, बाबा, आदल्या दिवशी चालू करून ठेवा, त्याला आधी अपडेट घ्यावं लागतं. सर्जेरावांनी ते उडवून लावलं होतं. ‘मांडवात यायच्या आदी नवरीला कोन नाचवतंय व्हय?’ हे त्यांनीच आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

नारळ फुटला. सर्वांत वडील म्हणून घोरपड्यांनी खोक्याचं सील कापलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पडदा उजळला, आणि त्यावर एक लांब रेघ आली. रेघेखाली आकडा होता, एक टक्का.

दुकानात इंटरनेट नव्हतं, अपडेटसाठी सर्जेरावांच्या फोनवरूनच ते घेतलं होतं. अर्ध्या तासाने सहा टक्के झाले. वहिनींनी पोहे दिले, मग चहा, मग पुन्हा चहा. तासाने आकडा बारा होता. सुरुवातीला आम्ही जुन्या गमती काढल्या. मग एकाने फोन काढला. मग दुसऱ्याने. थोड्या वेळाने मी पाहिलं तर खोलीतल्या जवळजवळ सगळ्या माना खाली होत्या. नव्या खेळाच्या निमंत्रणावरून आलेली माणसं आपापला जुना खेळ खेळत बसली होती, आणि सर्जेराव रिमोट हातात घेऊन पडद्यापाशी उभे होते. रिमोटची दोरी त्यांनी मनगटात अडकवलेली होती. ‘झालंच, झालंच,’ असं ते अधूनमधून म्हणत होते, कुणी विचारत नसताना.

हौसाक्का तेवढ्या सगळ्यांवर खेकसल्या, ‘अवं, मान वर करा की जरा.’ दोनतीन माना वर झाल्या आणि परत खाली गेल्या.

पहिल्यांदा कोण उठलं ते मला चांगलं आठवतं, कारण ती मी होते. पेपर तपासायचे आहेत म्हणाले. पेपर नव्हते. पुढच्या रविवारी नक्की येते म्हणाले. सर्जेरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘या की.’ मी चपला घालत होते तेव्हा माझ्यामागोमाग आणखी चौघं उठल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामं नव्हती. खोटं बोलून उठले होते, त्याची लाज वाटत होती, आणि जितके रविवार जात तितकी ती वाढत होती. लाज बाहेर ठेवून आत जायचं असतं हे मला त्यांनीच शिकवलं होतं, पण मी चपलांसकट ती घालून त्या गल्लीला वळसा घालू लागले. एकदा हौसाक्का भेटल्या. म्हणाल्या, ‘तीन ऐतवार मी एकलीच गेलतो, बाई. मशीन झकास चालतंय. पर मानूस न्हाय.’ पुढे त्यांचीही दुधाची वेळ बदलली, जमेना.

दिवाळी झाली आणि दुकान बंद झालं. सर्जेराव पुण्याला गेले. महिनाभराने सुमनवहिनी सामान आवरायला आल्या तेव्हा एक पिशवी घेऊन माझ्या घरी आल्या. पिशवीत कन्सोल होता. शाळेतल्या मुलींना खेळायला द्या, असं त्यांनी सांगितलंय म्हणाल्या. पुण्याला न्यायला ते तयार नव्हते.

वहिनी चहा घेत होत्या तेवढ्यात मी तो टीव्हीला जोडून चालू केला. म्हटलं, बघावं तरी. पडद्यावर माणसांची छोटी चित्रं उभी राहिली, या यंत्रात खेळणाऱ्याची आपल्यासारखी बाहुली करता येते तशी. पहिल्या ओळीत जाड चष्म्याची, अंबाड्याची, हिरव्या साडीची एक बाहुली होती. खाली माझं नाव होतं, ‘इनामदार बाई’. शेजारी काळी टोपी आणि पडलेल्या मिशा, ‘घोरपडे साहेब’. मग हौसाक्का. मग पन्हाळ्याचा तो कचेरीतला. मी मोजल्या. तेवीस बाहुल्या होत्या, आणि चोविसावे सर्जेराव, एका बाजूला.

प्रत्येकाच्या नावापुढे बोलिंगचे डाव लिहिलेले होते. हौसाक्कांचे चार. बाकी आम्हा सगळ्यांपुढे एकच ओळ, खेळलेले एक, जिंकलेले एक. मी तर त्या यंत्राला हातही लावला नव्हता.

वहिनींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, दुपारी जेवण झालं की हे दुकानात जाऊन बसायचे. दोन रिमोट घ्यायचे. मी चहा घेऊन गेले की बाहेरूनच ऐकू यायचं, ‘या घोरपडे साहेब, चपला भाईर.’ मला वाटलं कुणी आलंय. आत बघितलं तर कुणी नाही.

वहिनींसमोरच मी पुण्याला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, सर्जेराव, मी न येताच जिंकले कशी?

‘पयला डाव पावण्याचा असतोय की, बाई,’ ते म्हणाले. आवाज तसाच मोठा होता. ‘उजवा हात तुमचा धरला, डावा माजा. मुद्दाम हरायचं म्हंजे बघनारं मानूस लागतंय. एकल्याला जमंना. म्हनून डाव्या हातानं खेळलो, खरंच हरलो.’

काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या यंत्रालाच दोष दिला, त्या दिवशी त्याने घात केला म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. ‘मशीन बेस हाय. त्येला नावं ठिवू नका. तासाभराचं त्येचं काम हुतं, ते त्येनं संध्याकाळपतोर का हुईना, पुरं केलं. थांबायचं काम आमचं हुतं.’ आमचं म्हणाले, तुमचं म्हणाले नाहीत.

मग मी म्हटलं, कन्सोल शाळेत देत नाही, तुमच्याकडे घेऊन येते, दुसरा डाव तुमच्याशी खेळायचाय मला, हरायचंय. पुढच्या रविवारी पुण्याला नक्की येते.

‘या की,’ ते म्हणाले.

त्याला आज सहा रविवार झाले. पिशवी दाराशी, चपलांच्या शेजारी ठेवलेली आहे.