पोत्यावरची झोप

ग्वाक ब्योंग-ताए फौजेत मेंग दोक-सूच्या चार महिने आधी भरती झाला होता आणि त्या चार महिन्यांवर त्याने पुढची पंचावन्न वर्षं रुबाब केला. शहात्तरीतही त्याने नुसतं "मेंग्या" म्हटलं, की मेंगने अदबीने दोन्ही हातांनी त्याचा पेला भरायचा.

मग ग्वाकच्या फुप्फुसात कर्करोग निघाला. सरहद्दीवरची झाडी मारायला अडुसष्ट साली त्यांच्या तुकडीने विषारी पूड टाकली होती. ती अंगाला लागून दुखणं जडलेल्यांना सरकार भरपाई देतं. कार्यालयातली मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमच्या अंगाला लागली होती याला बरोबरच्या कुणाची तरी साक्ष आणा."

बरोबरच्यांपैकी उरला होता एकटा मेंग.

चॉरवॉन गावातल्या खानावळीत ग्वाकने जन्मात पहिल्यांदा मेंगचा पेला भरला. मेंगने काठोकाठ भरू दिला.

"दादा, पूड शिरस्त्राणात घेऊन मुठीने उडवायची होती. तुम्ही एक मूठ तरी उडवलीत?"

"मी सीनियर होतो."

"तुमच्या वाट्याची मी उडवली. आणि मला साधा खोकला नाही."

"त्याचाच तर राग येतो, मेंग्या. लिही की, दोघांनी उडवली."

"खोटं लिहिणार नाही. पण तुम्ही तेव्हा कुठे असायचात?"

"ट्रकमध्ये. झोपलेला."

"कशावर?"

ग्वाकचा पेला ओठांशीच थांबला. पुडीच्या रिकाम्या पोत्यांवर. एक डोक्याखाली, एक तोंडावर, माश्या बसू नयेत म्हणून.

"उठलात की पिठात घोळलेल्या तांदळाच्या वडीसारखे दिसायचात," मेंग म्हणाला. "आम्ही सगळे हसायचो. झटकायला सांगायची कुणाची छाती नव्हती."

त्याने लिहिलं : अर्जदार दोन महिने रोज दुपारी पुडीच्या पोत्यांवर झोपत असे. एक दिवसही खाडा केला नाही.

"'पहारा देत असे' लिही. नातवंडं वाचतील."

"नाही."

पंचावन्न वर्षांत एक नकार नव्हता, आज एका बैठकीत दोन. ग्वाकने कागद खिशात घातला.

कार्यालयात बाकांवर पदकं लावलेले म्हातारे बसले होते. मुलीने साक्ष मोठ्याने वाचली. बाकं खदखदून हसली.

"खरं आहे हे, आजोबा?"

ग्वाक टाचा जुळवून सावधान उभा राहिला.

"खरं आहे. रोज."

तिने शिक्का उचलला.

"पुरेसं आहे," ती म्हणाली.