धुक्यातला पूल

“वहिनी, दादा नेहमी सांगायचा तो त्याचा पुलावरचा फोटोच मोठा करून लावू. एकदम सरस दिसेल,” बाहेर काका आईला सांगत होते. बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. मी स्वयंपाकघरात कप धुता धुता थांबले.

मही नदीवरचा तो लांबलचक लोखंडी पूल बाबांनी रेल्वेत असताना कितीतरी वर्षं रंगवला. निवृत्तीच्या आठवड्यात, थंडीतल्या एका सकाळी मी कॅमेरा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. पुलाचा पलीकडचा भाग धुक्यात दिसेनासा झाला होता आणि ओल्या लोखंडाचा वास येत होता. बाबांनी केस विंचरले, स्वेटर खाली ओढला आणि कठड्याशी ताठ उभे राहिले. माणूस आला की चित्र बिघडतं, असं मला तेव्हा वाटायचं. मी कॅमेरा जरासा वळवला.

“आलो ना मी?” श्वास सोडत त्यांनी विचारलं.

“हो, मस्त आलात.”

पुढे ते फोटो मागायचे, तेव्हा मी “प्रिंट काढून आणते” म्हणायचे. आता तो उघडला की माझी नजर पुलावर थांबत नाही, कडेला जाते.

मी बाहेर गेले.

“काका, त्या फोटोत बाबा नाहीत. मी नुसता पूल काढला.”