गरम झालेलं इंजन

कमलनगरहून आमच्या गावाला जाणारी शेवटची जीप अण्णांची. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. तोंडात सुपारी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, चिडले की दखनी. जीप भरली की निघायचे. सरपंच हात करत पळत आला तरी थांबायचे नाहीत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी आजही छाती काढून सांगते. वडिलांची अट एकच होती. शेवटच्या जीपनं घरी आलीस तरच बी.एस्सी., नाहीतर कॉलेज बंद. आणि केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल तर उशिरापर्यंत चालायचं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी ॲप्रन न काढताच स्टँडकडं पळायची. जीप गच्च भरलेली, बोनेट उघडं आणि अण्णा आत डोकं खुपसून उभे.

"कामून थांबलायस रे? म्हशीची धार तुझा बाप काढतोय व्हय?" आतली म्हातारी ओरडायची.

"इंजन गरम झालंय अक्का. फुंकर घालतीस का?"

मी चढले की बोनेट धाडकन खाली. प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी ते इंजन कधीच तापायचं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता मी बीदरला सायन्स शिकवते. परवा गावी जाताना त्याच जीपमध्ये बसले. जीप भरली, तरी अण्णांनी उतरून बोनेट उघडलं. शेजारचा माणूस करवादला, "आता काय झालं ह्याला?"

मी मागं वळून पाहिलं. पांढरा ॲप्रन घातलेली एक पोरगी पळत येत होती.

"बसा की जरा," मी म्हणाले, "इंजन गरम झालंय."