लीलामावशींच्या उंबरठ्यावरची लिंबं

आता हसायचं तर हसा, पण हातातला कप आधी खाली ठेवा. आयुष्यात सगळ्यात लवकर ऐकली गेलेली माझी प्रार्थना मी माझ्याच विरुद्ध केली होती! आणि ‘आमेन’ म्हणायला अर्धी चाळ जमली होती.

झालं काय, शिक्षणापायी माझं निम्मं आयुष्य मुंबईबाहेर गेलं. आधी उत्तरेतलं डोंगरातलं बोर्डिंग, मग परदेशातलं बायबल कॉलेज. परळला घरी परतले ती मंडळीला जागं करायचं असं ठरवूनच. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. ती झोपली होती का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आल्या आल्या तरुण संघात उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, “एकट्याने कोणी ख्रिस्ताचा शिष्य होत नाही! एकमेकांच्या आधारानेच विश्वासात वाढायचं असतं!”

यात चूक काय? काहीच नाही. आजही सांगा, पुन्हा ठणकावते. चूक पुढे आहे.

पुढे मी योजना मांडली. नाव ठेवलं ‘गुप्त सेवा’. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत प्रत्येकाने मंडळीतलं एक माणूस मनात धरायचं, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि गुपचूप त्याचं काहीतरी भलं करायचं. कोणी केलं ते कळता कामा नये!

कीबोर्ड वाजवणारा आशिष म्हणाला, “ताई, गुपचूप कशाला? सरळ घरी जाऊ की. चहापण मिळेल.”

“चहासाठी सेवा करायची का रे?” मी त्याला असं गप्प केलं की बिचारा पुढची दोन गाणी चुकीच्या पट्टीत वाजवत होता.

मी मनात धरलं लीलामावशींना. मावशी आमच्या चर्चमधल्या सगळ्यात जुन्या गायिका. ईस्टरच्या पहाटे पहिलं गाणं त्यांनी उचलल्याशिवाय आमच्याकडे उजाडत नाही. आणि नेमका त्यांचा घसा बसला होता. मागच्या सरावात नुसती हवा आली, सूर आलाच नाही. सगळे धास्तावले. मी नाही! माझ्याकडे उपाय होता.

कॉलेजच्या वॉर्डनबाई थंडीत एका संत्र्याला सगळीकडून लवंगा टोचायच्या, लाल रिबीन बांधायच्या आणि खोकणाऱ्याच्या उशाशी ठेवायच्या. काय वास यायचा! आता लालबागच्या बाजारात त्या दिवशी मला धड संत्री मिळेनात. म्हटलं, लिंबू काय वाईट? घशालाही बरं. दोन टपोरी लिंबं घेतली, भरपूर लवंगा टोचल्या, नाताळच्या भेटवस्तूवरची लाल रिबीन गुंडाळली. जोडीला हळकुंडं. सगळं एका द्रोणात मांडलं.

हसताय ना? थांबा. अजून वेळ सांगितलीच नाही.

मावशी लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. चाळीत गुपचूप काही करायचं म्हणजे कठीणच. दारं उघडी, गॅलरीत सतत कोणी ना कोणी. मी अभ्यास करून वेळ काढली. भर दुपारी बारा. उन्हामुळे गॅलरी रिकामी. द्रोण उंबरठ्यावर ठेवला आणि पळाले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, म्हणजे त्या दिवशी अमावास्या होती, हे मला कोण सांगणार? वॉर्डनबाई?

संध्याकाळी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. ते नाशिकला गेले होते.

“शलोमी, लीलाबाईंच्या दारात कोणीतरी भलतंसलतं ठेवून गेलंय. बाई फार घाबरल्यात. घर सोडून माझगावला बहिणीकडे चालल्यात म्हणे. अशा मनःस्थितीत त्या ईस्टरला काय गाणार? मी उद्या येतो, पण आत्ता कोणीतरी जायला हवं. तू बायबल कॉलेजची. जाऊन प्रार्थना कर, धीर दे.”

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल. छे हो! माझी लिंबं मावशींनी केव्हाच प्रेमाने आत नेली असणार, याची मला खात्री होती. उलट मला स्फुरण चढलं. मी सेवा सुरू केली आणि लगेच सैतान खवळला! जाडजूड बायबल काखेला मारून निघाले.

चाळीत पोचले तर मावशींच्या दारात ही गर्दी. मध्ये, त्या भलत्यासलत्यावर, एक बादली उपडी घातलेली. मावशी दाराच्या आत भरलेली पिशवी घेऊन उभ्या.

“मी असलं काही मानत नाही गं,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “पण बाहेर कशी पडू? बादली ओलांडवत नाही.”

शेजारच्या परबकाकींनी माझा हात धरला. “जवळ जाऊ नको गो बाय! कोणा मेल्याने लिंबात टाचण्या टोचून ठेवलेत! अमावास्या, त्यात भर दुपार!”

पलीकडच्या खोलीतले कांबळेकाका कठड्याला टेकून उभे होते. “अंधश्रद्धा आहे सगळी. मी तर लहानपणापासून मानत नाही.”

“मग बादली उचला की!” काकी कडाडल्या.

“बादली माझी नाही,” काका म्हणाले. “दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावणं बरं नाही.”

लिंबं ऐकून तरी कळावं ना? पण काकी टाचण्या म्हणाल्या होत्या. मी टाचण्या कुठे टोचल्या होत्या? तेव्हा मी नव्हेच! मी हात वर केले, डोळे मिटले आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी प्रार्थना सुरू केली.

“प्रभू, ज्या हातांनी हे या दारात ठेवलं, ते हात आत्ता, इथे, सगळ्यांसमोर उघडे पाड! त्या माणसाला लाज वाटू दे!”

“आमेन!” गॅलरी दणाणली. कांबळेकाकांचा आवाज सगळ्यात मोठा.

आणि मी, विश्वासाने भरलेली, पुढे झाले आणि सगळ्यांदेखत बादली उचलली.

लाल रिबीन. नाताळची.

परबकाकींनी मान लांब करून पाहिलं.

“टाचण्या नाहीत त्या,” मी कशीबशी म्हणाले. “लवंगा आहेत.”

“तुका कसा कळला?” परबकाकी.

“मीच टोचल्यात.”

“अगो बाय माझे! करणी पण हीच करता आणि उतरवता पण हीच!”

कांबळेकाका आता निर्धास्तपणे वाकले, हुंगलं आणि म्हणाले, “लवंगाच आहेत. चांगल्यातल्या आहेत. मी सांगतच होतो.”

मावशी आधी बघतच राहिल्या. मग पिशवी खाली टाकून उंबरठ्यावर बसल्या आणि हसता हसता खोकायला लागल्या. “अगं वेडे, माझ्या भल्यासाठी आलीस तर दार वाजवायचंस! दोन शब्द बोलली असतीस. आणि लिंबाने तर माझा घसा आणखी धरतो!”

पिशवी परत आत गेली. परबकाकींनी ज्येष्ठमधाचा काढा आणला. तो म्हणे त्या रोज आणत होत्या. कांबळेकाकांच्या घरून रोज रात्री सूप येत होतं. मावशींना काय सोसतं, काय नाही, हे सगळ्या गॅलरीला पाठ होतं, कारण त्यांनी ते विचारलं होतं. मी खाली मांडी घालून बसले आणि ‘एकमेकांच्या आधाराने वाढायचं’ हे माझंच वाक्य काढ्याच्या वासात पहिल्यांदा समजून घेतलं. पुढच्या रविवारी तरुण संघात ‘गुप्त सेवा’ बंद केली. तेव्हापासून आम्ही दार वाजवून जातो, आणि हो, चहाही घेतो.

ईस्टरच्या पहाटे मावशींनी गाणं उचललं. आवाज किंचित घोगरा, पण सूर असा लागला की अंगावर काटा आला. मागच्या बाकावर परबकाकी आणि कांबळेकाका नटूनथटून बसले होते.

उपासना संपल्यावर काकींनी मला अंगणात गाठलं. “बाय, पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन हा. घरी येऊन प्रार्थना करशील?”

मला भरून आलं. चाळीने मला आपली म्हटलं होतं! “नक्की येईन काकी! कधी येऊ?”

“कधीपण ये,” काकींनी माझ्या गालावरून हात फिरवला. “फक्त रिकाम्या हाताने ये हां!”