पहिल्या पानावरचे शेठ

वसमतला आमची हळद दळायची छोटी गिरणी होती. गिरणी, माल, गिऱ्हाईक सगळं बाबांचं. माझी फक्त अक्कल, तीही नको तिथे चालायची. कॉम्प्युटरचा क्लास नुकताच झाला होता आणि गिरणीची वेबसाइट काढायचीच, असं मी डोक्यात घेतलं. क्लासच्या सरांनी बजावलं होतं, पहिलं पान झकास पाहिजे, माणूस त्यावरूनच काय ते ठरवतो.

मग बाबांना फोटो स्टुडिओत नेलं. स्थळांना पाठवायचे फोटो काढायला येणाऱ्या पोरांसाठी तिथे एक कोट टांगलेला असे. तो बाबांनी मुकाट्याने चढवला, टायसुद्धा बांधून घेतला. टोपी काढा म्हटल्यावर मात्र थबकले. आमच्याकडे त्यांच्या वयाचा माणूस घरात कोणी गेलं तरच बोडक्या डोक्याने चारचौघांत दिसतो.

"डोकं उघडं कवा करतेत, ठाऊक हाय का तुला?"

"टोपीत तुमी शेठ न्हाई वाटत, बाबा," असं म्हणून मी वर हसलोही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. फोटोत कोणी अनोळखी, गंभीर शेठ आला. मला तो फार आवडला.

दोनेक महिन्यांनी पुण्याचे एक मसालेवाले वेबसाइट बघून माल पाहायला आले. तेव्हा गिरणी विकायची बोलणी घरात सुरू झाली होती. हे गिऱ्हाईक मिळालं तर ती वाचणार होती. पाहुणे सांगितल्या वेळेच्या आधीच टपकले. बाबा नुकतेच दळणावरून उठलेले, भुवयांपासून धोतरापर्यंत हळद.

"शेठ कुठे आहेत? फोटो पाहिलाय मी त्यांचा," पाहुण्यांनी विचारलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर पोत्यांकडे वळवली. खरं सांगावं तर आपण खोटे ठरू आणि सौदा जाईल, ही भीती होती. लाजही वाटत होती, ते आता लपवून काय करू?

"शेठ गावाला गेलेत," बाबा म्हणाले. "मी गडी हाय हितला. या, माल दावतो."

त्यांनी हळकुंड मोडून आतला रंग दाखवला. कोणत्या पोत्याला ओल लागली तेही आपणहून सांगितलं. नमुन्याचं पोतं गाडीत टाकायची वेळ आली तेव्हा मी पुढे झालो, तर त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. शेठचा मुलगा पोती उचलत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पोतं त्यांनी स्वतःच खांद्यावर घेतलं.

सौदा तिथेच पक्का झाला. गाडीत बसताना पाहुणे मला म्हणाले, "तुमचा गडी फार इमानदार आहे. असा माणूस सोडू नका."

बाबा पाण्याचा तांब्या घेऊन जवळच उभे होते. मी म्हणालो, "हो, वडिलांना सांगतो."